एकशे बाराव्या पानावरचा गुडघा

एकशे बाराव्या पानावरचा तो फोटो पाहून तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं का?

आलं असेल तर पुसा आणि जरा ऐका. आफ्रिकेतल्या तेलाच्या आणि वायूच्या धंद्यातल्या बड्या माणसांची चरित्रं छापलेलं ते जाडजूड, गुळगुळीत पुस्तक हल्ली सगळीकडे दिसतं. हॉटेलाच्या बैठकीत, विमानतळावर, बँकेच्या साहेबाच्या टेबलावर. त्यात एकशे बाराव्या पानावर इंजिनिअर एदिरिन ओमोवारे आहेत. अंगात पांढरा झगा, गळ्यात पोवळ्यांच्या माळा, एक गुडघा चिखलात. समोर एक म्हातारी उभी. खाली छापलंय, 'यशाच्या शिखरावरही मातीशी नातं. एका ग्रामीण स्त्रीपुढे नतमस्तक होताना.'

त्या ग्रामीण स्त्रीला नाव आहे. ओमोनिघो. आणि साहेब नतमस्तक वगैरे काही झालेले नाहीत, ते अडकलेत. त्या क्षणी त्यांना उठता येत नव्हतं, कारण ती उठू देत नव्हती. मी तिथे तीन हातांवर उभा होतो, म्हणून सांगतोय.

आम्हा उर्होबो लोकांत धाकट्यानं थोरापुढे गुडघा टेकून 'मिग्वो' म्हणायचं आणि थोरानं 'व्रेंदो' म्हणायचं, म्हणजे ऊठ बाबा. दिवसातून वीसदा होतं हे. गुडघा जमिनीला लागतो न लागतो तोच वरून उत्तर येतं. उत्तरच आलं नाही तर काय करायचं, हे कुणी शिकवत नाही, कारण तशी वेळच येत नाही. त्या दिवशी आली.

ओमोनिघो लग्न होऊन आमच्या ओकुवेरे गावात आली, त्याच वर्षी कंपनीनं रबराच्या झाडांपलीकडे आग पेटवली. जमिनीतून तेल निघतं तसा वायूही निघतो. तो न्यायला पाइप कोण टाकणार, म्हणून जाळायचा. गोल मातीचा बांध, त्याच्या आत आडवी, खोलीएवढी ज्योत. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, पाऊस नाही. आमच्या गावात चोपन्न वर्षं अंधार पडला नाही. पत्रे चार वर्षांत चाळणी व्हायचे आणि कोंबड्यांना झोपायचं कधी ते कळायचं नाही.

ओमोनिघो एकदा ओढ्यावरून धुणं डोक्यावर घेऊन बांधाच्या कडेनं आली. घरी पोचेपर्यंत कापड कोरडं. दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन गेली.

कसावा सोलायचा, चार दिवस पाण्यात आंबवायचा, कुटायचा, पोत्यात भरून दगडाखाली दाबायचा आणि मग त्याचे बोटभर तुकडे चटईवर पसरायचे. वाळून कडक झाले की त्याला आम्ही क्पोक्पो म्हणतो. उन्हात त्याला तीन दिवस लागतात, आणि आमच्याकडे सलग तीन दिवस ऊन म्हणजे चैन आहे. आठ महिने पाऊस. वाळवणावर हिरवी बुरशी चढते. आगीजवळ तेच काम एका दुपारी व्हायचं. ओमोनिघोच्या मागे दुसरी बाई आली, तिच्यामागे तिसरी. शेवटी अठरा जणी झाल्या. उघेलीच्या बाजारात ओकुवेरेचा माल वेगळा ओळखला जायचा.

आगीनं त्याची वसुलीही केली. ओमोनिघोचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा आहे, उजवा हातही. भुवया मी तिला कधी पाहिल्याच नाहीत. तिची मुलगी उघेलीच्या दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणायची, "आई, तुझी छाती आतून भिंतीसारखी झालीये."

ओमोनिघो म्हणायची, "बरं झालं. भिंत आहे म्हणून तुझं घर उभं राहिलं."

एदिरिन तिथे आला तेव्हा तेवीस वर्षांचा ट्रेनी होता. शेजारच्या गावातल्या हेडमास्तरांचा मुलगा, डोक्यावर उसनं हेल्मेट, हातात उष्णता मोजायचं यंत्र. साहेबांनी सांगितलं होतं, बांधावर उभा राहा आणि आकडे लिही. तो आगीकडे पाठ करायची सोडून तोंड करून उभा राहिला.

"पोरा, त्या डबीला काय विचारतोस, मला विचार," ओमोनिघो खालून म्हणाली. "तिथे उभं राहिलं की भुवया जातात. अजून दोन पावलं टाकलीस की लग्न जमायचं नाही."

तो हसला आणि वारा फिरला. ओरडत खाली आला तेव्हा तिनं कमरेचं ओलं फडकं सोडून त्याच्या तोंडावर दाबलं. कातडी वाचली. त्यानंतर सात महिने तो दुपारी तिच्याच घरी जेवायचा. पामच्या फळांचं सूप, त्यात सुकी मासळी, आणि वर 'अजून थोडं वाढ' म्हणायला न लाजणं. त्या पोराचं मन वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितोय, नाहीतर तुम्ही म्हणाल याला सगळेच चोर दिसतात.

जायच्या दिवशी त्यानं तिला सांगितलं, "आई, मी वर पोचलो की पहिलं काम तुझं. पक्कं छप्पर घालून देतो. खालून नळीनं थोडासा वायू, वर जाळीवर वाळवण, मंद आच. भाजायचं नाही, धूर नाही. बसून काम करशील."

"वर म्हणजे कुठवर?"

"सगळ्यात वर."

"मग वाटेत पायऱ्या मोजत जा. उतरताना लागतील."

अशी माणसं वर कशी जातात ते पुस्तकात लिहिलेलं असतं. आम्ही ते खालून पाहिलंय. आमच्या आगीपाशी उभं राहून फोटो काढला नाही असा एकही मोठा साहेब झाला नाही. एक लांबलचक स्कॉटिश साहेब आला, त्यानं आग विझवायची तारीख सांगितली, बढती घेऊन गेला. मग उत्तरेकडचे एक फार सभ्य गृहस्थ आले. त्यांनी बायकांची नावं विचारली, नवी तारीख सांगितली, मंत्रालयात गेले. आग तिथेच. तारीख सांगणं हीच त्यांच्याकडची परीक्षा असावी. सांगितली की पास.

एदिरिनही चढत गेला. सुपरवायझर झाला. पोर्ट हार्कोर्टला मोठा झाला. दोन वर्षं लंडन. मग लेगोसचं मुख्यालय, मग अबुजातली सरकारी खुर्ची, जिथून सगळ्या कंपन्यांना नियम सांगतात. शेवटी परदेशी कंपनीनं आमच्याकडच्या जुन्या विहिरी विकल्या आणि त्या ज्या देशी कंपनीनं घेतल्या, तिचा तो सर्वेसर्वा झाला. म्हणजे एवढं जग फिरून तो आमच्याच आगीचा मालक झाला.

प्रत्येक पायरीला पेपरात फोटो यायचा. पेपर मी आणायचो. मी सहावीनंतर शाळा पाहिली नाही, कायद्याची भाषा वाचायला शिकलो ते वकिलांच्या कचरापेटीतल्या कागदांवर. आणि अर्ज लिहायला लागलो तो आजतागायत थांबलो नाही. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही. अर्ज्या म्हणतात.

"अर्ज्या, काय म्हणतो आपला पोरगा?" ती चटईवरून न उठता विचारायची.

"जनरल मॅनेजर झाला."

"छप्पर?"

"त्याबद्दल काही छापलं नाही."

"मागच्या पानावर बघ, असेल."

मागच्या पानावर फुटबॉल असायचा. मग ती तोच पेपर घेऊन त्यात क्पोक्पोच्या पुड्या बांधायची. उघेलीच्या कितीतरी घरांत एदिरिनची बढती तशी पोचली.

आता माझी चूक सांगतो. ती पुस्तकात नाही, मी नाही सांगितली तर कुणाला कळणार नाही.

मी अकरा वर्षं एकच अर्ज लिहिला, अकरा वेळा. आग विझवा. मुलांच्या छात्या, पत्र्यांची भोकं, पिवळा पडलेला भाजीपाला, सगळं त्यात होतं. दुसऱ्या वर्षी ओमोनिघो माझ्या दारात आली.

"एक ओळ माझी टाक."

"कुठली?"

"आधी छप्पर, मग विझवणं."

मी भडकलो. "आई, मी लिहितोय की ही आग माणसं मारते. त्यातच लिहू की तिच्यावर वाळवण छान होतं? न्यायाधीश हसेल. कंपनीचा वकील तुलाच साक्षीला उभी करेल, बघा, गावाला आग हवीये."

"तुला आग विझवायचीये. मला आग विझल्यावर जेवायचंय. हे दोन्ही एका कागदावर मावत नाही?"

"नाही मावत."

"कागद लहान आहे की तू?"

मी दार लावून घेतलं. नंतर नऊ अर्ज गेले, तिची ओळ एकातही गेली नाही. आणि खरं सांगायचं तर मला तिची लाज वाटायची. बाहेरून पत्रकार आले की मी त्यांना बांधाच्या दुसऱ्या बाजूनं न्यायचो, बायका दिसू नयेत म्हणून.

दोन वर्षांपूर्वी बातमी आली की आग विझणार. माझ्या अर्जांनी विझली असं मी गावभर सांगितलं. खरी गोष्ट अशी की वायूला गिऱ्हाईक मिळालं होतं. पाइप टाकून तो वीज केंद्राला विकायचं ठरलं. ओमोनिघो मला रस्त्यात भेटली.

"जिंकलास म्हणे."

"जिंकलो."

"छान. मग अठरा टोपल्या तुझ्या ओसरीवर आणून ठेवतो आम्ही. तू अर्ज वाचून दाखव, बघू वाळतंय का."

जाहीर करायला एदिरिन स्वतः आला. मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, ढोल, भाताची मोठी भांडी, गणवेशातली मुलं. गाडीतून उतरून तो मंचाकडे निघाला आणि त्याला बायकांच्या रांगेत ओमोनिघो दिसली. त्याचा चेहरा खरंच उजळला. झगा सावरायचंसुद्धा भान न ठेवता तो सरळ तिच्यापुढे आला आणि गुडघा टेकला. जमीन पावसानं भिजलेली होती. फोटोवाले धावले.

"मिग्वो, आई."

ती गप्प.

त्यानं वर पाहिलं, हसला. "मिग्वो."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला ऐकू येत नाही वाटतं."

"ऐकू येतं मला," ओमोनिघो म्हणाली. "आगीनं गाल नेला, कान नाही. एदिरिन, आग विझल्यावर मी वाळवण कुठे घालू?"

ढोल थांबला. एदिरिननं आवाज खाली आणला. "आई, सगळं योजनेत आहे."

"योजनेला छप्पर आहे का?"

बायकांच्या रांगेत कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. गावप्रमुख मंचावरून म्हणाले, "ओमोनिघो, पाहुणा आहे. ऊठ म्हण त्याला."

"पाहुणा नाही. माझ्या घरी सात महिने जेवलाय."

"आई, लोक बघतायत," एदिरिन म्हणाला.

"बघू देत. चौतीस वर्षं मी कुणाला दिसले नाही, आज दिसते."

त्याचा एक माणूस पुढे झाला, कोपराला धरून उठवायला. एदिरिननं त्याचा हात झटकला. मोठमोठ्या मंत्र्यांपुढे पायावर पाय टाकून बसणारा माणूस, पण उर्होबो आईच्या पोटचा. व्रेंदो ऐकल्याशिवाय उठला असता तर त्याच्याच गावात त्याला कुणी तोंड दाखवू दिलं नसतं. चिखल झग्यात चढत होता. कॅमेरे चालू होते. तुमचा तो फोटो इथला आहे.

"तीन महिने, आई," तो शेवटी म्हणाला. "आग विझायच्या आत छप्पर उभं असेल. या सगळ्यांसमोर सांगतो."

मी आत उकळत होतो. लिहून घे, म्हणावं, सही घे. आणि तेव्हा माझा हात माझ्या पिशवीत गेला. पिशवीत अकराही अर्जांच्या प्रती होत्या. छपराबद्दल एक अक्षर नव्हतं. सहीला पुढे करायला माझ्याकडे कागदच नव्हता.

ओमोनिघो त्याच्याकडे बघत होती. त्याचा गुडघा थरथरायला लागला होता, सत्तावन्न वर्षांचा गुडघा. तिनं सुस्कारा सोडला.

"व्रेंदो. ऊठ. ओलं आहे खाली."

संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन आदळआपट केली. "अजून पाच मिनिटं धरलं असतंस तर त्यानं काहीही कबूल केलं असतं."

ती पाय चोळत होती. "अजून पाच मिनिटं धरलं असतं तर मीच खाली बसले असते. तो गुडघ्यावर होता, अर्ज्या, पण मी उभी होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या पायांवर."

त्यानं शब्द पाळला. हे लिहिलंच पाहिजे. तीन महिने पुरे व्हायच्या चार दिवस आधी छप्पर उभं राहिलं. निळे पत्रे, सिमेंटची फरशी, लोखंडी जाळ्यांचे मजले, त्यांच्याखाली शेगड्या, आणि दाराशी त्याच्या नावाची संगमरवरी पाटी. मग आग विझली. लहान पोरं अंधाराला घाबरून रडली. कोंबड्या मात्र दोन दिवसांत शहाण्या झाल्या.

शेगड्या अजून पेटलेल्या नाहीत.

वायूचा पाइप छपरापासून तीस पावलांवर, कुंपणाच्या आत आहे. मी मोजलीत. तीस पावलांची नळी. पण वायू आता विकलेला आहे, सगळाच्या सगळा, आणि करारात ओकुवेरेच्या शेगड्यांना जागा नाही. कंपनीच्या हापिसातली मुलगी माझ्याशी फार गोड बोलली. "काका, साहेबांनी छपराचं वचन दिलं होतं. आम्ही तपासलं. आचेचा उल्लेख नाही."

उल्लेख एदिरिन ट्रेनी असताना, जायच्या दिवशी झाला होता. नळी, जाळी, मंद आच, सगळा झाला होता. साक्षीला आग होती, ती विझली.

एदिरिन आता त्या कंपनीतही नाही. तो आणखी एक पायरी चढला. साऱ्या खंडातल्या तेलवाल्यांच्या परिषदेचा अध्यक्ष. हे पुस्तक घेऊन तो शहराशहरांत जातो आणि ग्रामीण स्त्रियांबद्दल भाषण करतो. चांगलं करतो म्हणे. त्याला माहीत आहे की नाही, मला कळत नाही. त्यानं छपराचा फोटो पाहिला असेल. फोटोत शेगडी पेटलेली आहे की नाही ते दिसत नाही.

अठरातल्या अकरा जणींनी काम सोडलं. कुणी मोबाइलची कार्डं विकते, कुणी मुलीकडे निघून गेली. छपराखाली पावसात बकऱ्या उभ्या असतात. ओमोनिघो रोज येते, बाहेरच्या फरशीवर चटई टाकते, काठी घेऊन बसते आणि कोंबड्या हाकलते. ढग आला की उरलेल्या सहा जणी धावत येऊन सगळं गोळा करतात, ढग गेला की पुन्हा पसरतात. परवा एकाच दिवसात पाचदा झालं. पाचव्यांदा ती उठलीच नाही, म्हणाली, "भिजू दे." मग अर्ध्या मिनिटानं उठली.

बारावा अर्ज मी लिहिलाय. एकाच ओळीचा, छपराखालच्या शेगड्यांना वायू द्या. तिला वाचून दाखवला.

"मावलं की कागदावर," ती म्हणाली. मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार महिने झाले. विषय संबंधित विभागाकडे पाठवलाय असं उत्तर आलंय. महिन्याभरात मोठा पाऊस लागेल. मागच्या पावसात तिचा निम्मा माल बुरशीनं गेला. या वर्षी तसं झालं तर ती बंद करणार आहे, असं ती म्हणत नाही, पण तिनं तीन टोपल्या धाकट्या बाईला देऊन टाकल्यात. मला तेवढं समजतं.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. तो तुमच्या शहरात बोलायला येईल. भाषण ऐका, टाळ्या वाजवायच्या तर वाजवा. शेवटी प्रश्न विचारायची वेळ येते, तेव्हा हात वर करून उभे राहा. माझ्यासारखं ओरडू नका, त्यानं काही होत नाही. पुस्तक एकशे बाराव्या पानावर उघडून धरा आणि एवढंच विचारा, 'ओकुवेरेत ओमोनिघोच्या शेगडीला वायू कधी मिळणार?' तो हसेल, योजनेत आहे म्हणेल. तारीख सांगेल. तुम्ही उभेच राहा. माणूस पाठवून तीस पावलांची नळी जोडतो, असं तो सगळ्यांसमोर म्हणेपर्यंत कृपा करून खाली बसू नका.